खूणगाठ

पनवेल–उरण एसटीत कंडक्टरनं तिकिटाच्या मागं पेनानं लिहिलेला आकडा मी शाळेत असल्यापासून बघत आलोय. "सुट्टे नाहीत, उतरताना घ्या," असं म्हणून तो तिकीट उलटं करायचा, शिल्लक लिहायचा आणि भोवती एक वाटोळं काढायचा. मग एवढ्याशा चिठोऱ्यावर दोन गोष्टी असायच्या. पुढच्या बाजूला आपण दिलेल्या भाड्याचा पुरावा आणि मागच्या बाजूला आपलं येणं. त्या येण्याची मुदत गाडी डेपोत शिरेपर्यंतची. दरवाजापाशी, पिशव्या आवरायच्या गडबडीत विसरलात, तर पैसे गेले. एसटी महामंडळ कुणाला बुडवत नाही, पण तिकिटाच्या मागचं वाचून आपणहून कुणी आपल्याला हाकही मारत नाही.

मी बत्तीस वर्षं विमानाची तिकिटं विकली. पहिली वीस फोर्टातल्या एका तिकीट कंपनीत, पुढची बारा उरणच्या बाजारात भाड्याच्या गाळ्यात. रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे परत न देता विमान कंपनी आपल्याच वहीत आपल्या नावे जमा ठेवते. त्याला 'क्रेडिट शेल' म्हणा, 'ट्रॅव्हल व्हाउचर' म्हणा. लोकांना ती नव्या काळाची युक्ती वाटते. मला त्यात कंडक्टरचं ते वाटोळं दिसतं. आणि त्याहीमागं आमच्या करंज्यातल्या घराच्या वाशाला टांगलेली एक सुतळी दिसते.

करंजा म्हटलं की आज लोकांना कोळीवाडा आणि मासळी बंदर आठवतं. पण पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या कागदांत आख्ख्या उरण बेटालाच करंजा म्हणत. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून साष्टीबरोबर हे बेटही घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ते त्यांच्याकडंच राहिलं. शंभर वर्षांनी, १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा म्हणून येतो. म्हणून करंज्याच्या जुन्या पत्त्यावर अजून कुठं कुठं पनवेल लिहिलेलं सापडतं, आणि आमची म्हातारी माणसं त्यात काही चूक मानत नाहीत.

गावाच्या पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर आणि देवी. समोर धरमतरची खाडी, खाडीपल्याड रेवस. तरीत बसलं तर विडी विझायच्या आत रेवस येतं, असं आजा म्हणायचा. जमिनीनं जायचं तर पेण, वडखळ असा वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. दोन्ही काठांवर सोयरिकी, शेतं, देवस्थानं. त्यामुळं करंजा–रेवस तर ही आमच्यासाठी घरातली वाट होती, ती पाण्यावरून जात होती इतकंच. पुलाची गोष्ट मी अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ऐकतोय. माझा आजा त्याआधीच गेला, त्यामुळं त्याला पुलाची भीती कधी वाटली नाही.

तर चालवणं हा सरकारी परवानगीचा धंदा होता. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींचा कायदा झाला. कुठली तर सार्वजनिक आणि तिचा दर काय ते सरकार ठरवू लागलं, आणि तर मक्त्यानं द्यायची चाल पक्की झाली. आजाची अशा एका मक्त्यात तिघांत मिळून भागी होती. कागद मक्तेदाराच्या नावे आणि दर सरकारी. पण सुकाणू धरणारा हात आजाचा, आणि त्या हाताचा स्वतःचा एक जमाखर्च होता, जो सरकारला कधी दिसला नाही.

घाटावर नदीकाठच्या गावांत नावाड्याला सुगीला धान्य द्यायची रीत होती. बारा बलुतेदारांच्या काही याद्यांत कोळीही येतो. आमच्याकडं पद्धत तितकी बांधीव नव्हती. पण रेवसकडची काही शेतकरी घरं दिवाळीनंतर, भात झोडून झालं की, घरटी दोन-तीन पायल्या आजाच्या पडवीत आणून ओतायची. त्यात वर्षभराचं जाणं-येणं आलं. आज ज्याला 'प्रीपेड' म्हणतात, ते हेच. फक्त पैशांऐवजी भात.

बाकीचे आणे मोजून देणारे. पण खाडी आण्यांचं ऐकत नसे. जाणं-येण्याचे पैसे देऊन माणूस पलीकडं गेला, संध्याकाळी वारा फिरला की परतीची तर सुटायची नाही. मग त्याला रेवसला पाहुण्यांकडं राहावं लागे, किंवा तो वडखळला चालत जाई. त्याच्या अर्ध्या भाड्याचं काय? आजाला लिहिता येत नव्हतं. तो जाळं विणायच्या सुतळीला गाठ मारायचा. प्रत्येक घराची सुतळी वेगळी, वाशाला ओळीनं टांगलेली. साधी गाठ म्हणजे एका माणसाची एक फेरी. दुहेरी गाठ म्हणजे आख्खी तर. फेरी फिटली की गाठ सोडायची. जाळं शिवणारी बोटं ती, गाठ मारायला आणि सोडवायला सारखीच तयार.

लहानपणी मी एकदा विचारलं, पैसे देऊन टाकायचे ना परत, गाठी कशाला? तो म्हणाला, "बाला, पैसं दर्यान नाय परलं, गाठीन हायीत." मराठीत एखादी गोष्ट मनाशी पक्की करण्याला आपण खूणगाठ बांधणं म्हणतो. आमच्या घरात ती खरोखरची बांधलेली होती आणि तिला माशाचा वास होता.

तर न सोडण्याबाबत आजा अतिशय हट्टी होता, आणि त्याला कारण होतं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ वादळात कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी निघालेली सगळी आपलीच माणसं. रेवसकडच्या कोळ्यांनी मचव्यातली मासळी दर्यात लोटून जेवढी हाताला लागली तेवढी माणसं वर ओढली. 'रामदास' ज्या कंपनीची होती, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. लोकांचा जीव त्या नावात गुंतला होता. त्यानंतर आजा ढग बघायचा, पाण्याचा रंग बघायचा आणि सरळ नांगर टाकून बसायचा. पैसे दिलेली माणसं धक्क्यावर ओरडत राहिली तरी उठायचा नाही. रामदासनंतर त्याच्या सुतळ्यांवर गाठी वाढल्या, असं आजी सांगायची. माझ्या मते तिकिटाच्या उधारीचा खरा उगम इथं आहे. सोडू नये अशा वेळी तर सोडायची नाही, आणि तरी पैशाला आपली जबाबदारी मानायची. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाठ पडते.

एक गाठ घरात फार प्रसिद्ध होती. कोंढरीपाड्यातल्या एका घराचं वऱ्हाड ज्येष्ठात रेवसला निघालं होतं. आख्खी तर ठरवून, रोख पैसे देऊन. पाऊस अंगावर आला, आजानं नकार दिला. वऱ्हाडातल्या पुरुषांनी त्याला काय काय ऐकवलं ते आजी नाक मुरडून सांगायची. शेवटी नवरा आणि चार माणसं जमिनीच्या वाटेनं गेली, लग्न दुसऱ्या दिवशी लागलं, वऱ्हाडाचं जेवण पलीकडं वाया गेलं. सुतळीवर दुहेरी गाठ पडली. ती तीन वर्षं तशीच होती. मग त्या घरातली सून पहिल्या बाळंतपणाला रेवसला माहेरी गेली, आणि बारशाला सगळं घर नटून धक्क्यावर आलं. आजानं सुतळी काढली, सगळ्यांसमोर गाठ सोडली आणि तर हाकारली. लग्नाला न गेलेल्या तरीनं माणसं बारशाला नेली. पैसे देणारा होता सासरा, तो तोवर वारला होता. पण गाठ घराच्या नावाची होती, माणसाच्या नाही.

हे सांगताना मी आजाला देव्हाऱ्यात बसवतोय असं वाटत असेल तर थांबतो. त्याच पडवीत मी दुसरंही पाहिलंय. ज्यांच्याकडं भात नव्हतं, त्यांच्या नावाची सुतळी वाशाला नव्हती. मोळ्या विकायला येणारे कातकरी प्रत्येक खेपेला रोख देणारे. एकदा त्यातला एक जण म्हणाला की मागच्या खेपेला परतीचे पैसे दिले होते आणि तर सुटली नाही. आजानं वाशाकडं बोट दाखवलं. तिथं त्याची गाठ नव्हती. गाठ नाही तर येणं नाही. तो माणूस काही न बोलता मोळी उचलून चालता झाला. आजीनं त्याला मागनं गाठून दोन आणे दिले आणि घरात आठ दिवस अबोला चालला. वही कुणाच्याही हातात असो, सुतळीची असो की संगणकाची, ज्याची नोंद त्यात घेतली गेली नाही त्याला ती वही ओळखत नाही. हे मी पुढं फोर्टात रोज बघणार होतो.

१९८१ साली बी. कॉम. होऊन मी नोकरीला लागलो. सकाळी मोऱ्याहून लाँच, भाऊचा धक्का, तिथून चालत फोर्ट. ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच लागायची नाही, त्या दिवशी साहेबाची बोलणी. समुद्र आपल्या वेळापत्रकानं चालतो हे साहेबाला पटवता येत नसे, पण विमानाचं वेळापत्रक मात्र त्याला वेदवाक्य होतं.

विमानाचं तिकीट तेव्हा एक पुस्तक असायचं. प्रत्येक टप्प्याचं वेगळं कूपन, मागं लाल कार्बन. वर जोर देऊन लिहिलं की खालच्या सगळ्या पानांवर उमटायचं, आणि संध्याकाळपर्यंत आमची बोटं कुंकवात बुडवल्यासारखी व्हायची. 'कूपन' हा शब्द प्रवासात पसरवण्यात थॉमस कुकचा मोठा वाटा. त्यानं १८६८ पासून हॉटेलांची कूपनं चालवली. प्रवाशानं इथं पैसे भरायचे, तिथं कागद द्यायचा. त्याच्या कंपनीची मुंबई कचेरी १८८१ ची. मी बरोबर शंभर वर्षांनी त्याच धंद्यात शिरलो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या काळी कागदाला किंमत होती, कारण विमान कंपन्या एकमेकींचा कागद मानत. १९४५ साली हवानात 'आयाटा' ही त्यांची संघटना झाली, आणि तिच्या नियमांनी एका कंपनीचं तिकीट दुसरीनं घ्यायची व्यवस्था बसवली. पूर्ण भाड्याचं तिकीट वर्षभर चालायचं. आज जायचं नसेल तर तारखेच्या जागी 'ओपन' लिहून ठेवायचं. एका कंपनीचं विमान रद्द झालं तर ती तिकिटावर शिक्का मारून तुम्हाला दुसरीकडं पाठवायची, त्याला एंडॉर्स करणं म्हणत. आजाच्या भाषेत, एकाच्या सुतळीवरची गाठ दुसरा तांडेल सोडायचा.

आणखी दोन कागद माझ्या खास आवडीचे. एक 'पीटीए'. उरणचा मुलगा कुवेतला कामाला असेल, तर तिकिटाचे पैसे तो तिथंच भरायचा. टेलेक्सवर निरोप यायचा आणि त्याच्या आईचं तिकीट आम्ही इथं फाडायचो. आई हातात काही न घेता यायची, विमानाचं तिकीट घेऊन जायची. मुलानं खरंच पैसे भरलेत यावर तिचा विश्वास बसायला मला तिला तीनदा टेलेक्स दाखवावा लागायचा. दुसरा 'एमसीओ', म्हणजे किरकोळ रकमेचा हुकूमनामा. तिकीट बदलून पैसे उरले की त्या रकमेचा हा कागद मिळायचा. पुढं तो तिकिटाला लावा, जादा सामानाला लावा. आजच्या व्हाउचरचा हाच सख्खा बाप.

पण कागदाला एक मर्यादा होती, ती मला १९९० च्या ऑगस्टात कळली. इराकनं कुवेत घेतलं. अम्मानहून भारतीयांना आणायला एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या केल्या, एक लाखाहून जास्त माणसं आणली. त्यातला एक आमच्या उरणचा. तो माझ्यासमोर बसला आणि शर्टाच्या खिशातून त्यानं परत जायचं कूपन काढलं. ते ओपन होतं आणि त्याची वर्षाची मुदतही शिल्लक होती. कागदात काहीच खोट नव्हती. पण त्यावर ज्या गावाचं नाव होतं, तिथं विमान उतरत नव्हतं. त्यानं ते पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं. येणं कितीही पक्कं असो, ते देणारा उभा असेपर्यंतच पक्कं.

पुढं सगळं झपाट्यानं बदललं. २००३ साली एअर डेक्कननं स्वस्त विमानसेवा सुरू केली आणि तिच्या मागून इतर आल्या. भाडी कमी झाली, पहिल्यांदाच आमच्या कोळीवाड्यातली माणसं विमानात बसली. ही गोष्ट मी कधी हलकी लेखणार नाही. पण भाड्याबरोबर कागदाची किंमतही उतरली. या कंपन्या एकमेकींचं तिकीट मानत नव्हत्या. १ जून २००८ पासून आयाटानं कागदी तिकीटच बंद केलं. आमचं कमिशन नऊ टक्क्यांवरून उतरत त्याच सुमारास शून्यावर आलं. तिकिटाचं पुस्तक गेलं आणि सहा अक्षरांचा पीएनआर आला. प्रवाशाचं येणं आता त्याच्या खिशात नव्हतं, कंपनीच्या संगणकात होतं. त्या कप्प्याचं नाव क्रेडिट शेल. शेल म्हणजे शिंपला. आम्ही करंजेकर शिंपल्या वेचून खाणारी माणसं. शिंपली उकळल्याशिवाय तिच्यात मांस आहे की चिखल, ते कळत नाही.

गाळ्यात बसून मी लोकांना या शिंपल्याचे नियम समजावायचो. आधी रद्द करायचा आकार वजा होतो, मग उरलेलं जमा होतं. ज्याच्या नावे तिकीट होतं त्यालाच बहुधा वापरता येतं. नवं तिकीट महाग असेल तर वरचे पैसे तुम्ही घालायचे, स्वस्त असेल तर उरलेले कुठं जातात ते आधी विचारायचं, कारण काही व्हाउचर एकदाच चालतात आणि उरलेली रक्कम बुडते. अमुक तारखेच्या आत तिकीट काढायचं, की अमुक तारखेच्या आत प्रवासही करायचा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि निम्मी माणसं इथंच फसतात. हे मी इतक्यांदा सांगितलं की बायको म्हणायची, सत्यनारायणाच्या पोथीला एक अध्याय वाढवा.

इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला नियम करावा लागला. २०१६ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम स्पष्ट आहे. परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवासी ठरवील, कंपनीनं ते परस्पर करायचं नाही. म्हणजे गाठ मारायची की रोख मागायचं, हे धक्क्यावरच्या माणसानं ठरवायचं. आजाला हा नियम पचला नसता.

आणि मग २०२० चा चैत्र आला.

आमच्या वाड्यातल्या मासळी विकणाऱ्या चौदा बायकांनी दोन वर्षं भिशी चालवून काशीला जायचं ठरवलं होतं. धंदा मुलाकडं देऊन मी तोवर घरी बसलो होतो, पण या बायकांनी पैसे माझ्याच हातात दिले. ओल्या, खवले चिकटलेल्या नोटा. वाळवून, मोजून मी तिकिटं काढली. एप्रिलचं जाणं, आठ दिवसांनी येणं. २५ मार्चला देशातली प्रवासी विमानं थांबली. ती पुन्हा सुरू झाली थेट २५ मेला. कंपनीनं तिकिटं रद्द केली आणि पैसे न देता शेलमध्ये टाकले. टाळेबंदीत मासळी बाजारही बंद. ज्या बायकांच्या हातात रोज पैसा खेळायचा त्यांच्या घरात मीठ-मिरची उसनी येऊ लागली. संध्याकाळी त्यातल्या एक-दोघी तोंडाला पदर लावून अंगणाबाहेर उभ्या राहायच्या.

"आमचं पैसं कोनाकर हायीत?"

मी सांगायचो, कंपनीकडं जमा आहेत, बुडाले नाहीत. "मंग मांग ना," त्या म्हणायच्या. बरोबरच होतं. कंपनीच्या फोनवर मी बासरीचं संगीत ऐकत बसायचो. त्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या मोळीविक्याची जागा कळली. वाशाकडं बोट दाखवणारा समोर असतो, पण वाशापर्यंत आपला हात पोचत नाही. आणि त्या बायकांच्या लेखी तर वासाही माझाच आणि बोटही माझंच. त्यांनी विमान कंपनी पाहिली नव्हती, मला पाहिलं होतं.

देशभर हीच गत होती. 'प्रवासी लीगल सेल' ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला. मी तो मोबाइलवर दोनदा वाचला. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या आणि त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत. आमच्यासारख्या आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत परत, आणि कंपनी खरोखर अडचणीत असेल तर क्रेडिट शेल. पण कसलं शेल? ३१ मार्च २०२१ पर्यंत चालणारं, कुठल्याही मार्गावर. प्रवाशाला ते दुसऱ्या कुणाच्याही नावे करता येईल आणि कंपनीला ते मानावं लागेल. जून २०२० अखेरपर्यंत दर महिन्याला अर्धा टक्का आणि पुढं पाऊण टक्का रक्कम वाढत जाईल. आणि तरीही वापरलं नाही, तर मुदतीअंती रोख परत.

मी पेन्सिल घेऊन हिशेब केला. २४ हजारांचं शेल धरलं, तर मार्च ते जून चार महिन्यांचे ४८० रुपये, जुलै ते मार्च नऊ महिन्यांचे १,६२०. एकूण २६,१००. वाढ फार नव्हती. मला अचंबा वेगळ्याचा वाटला. गाठ माणसाची नाही, घराची. आज नाही तर उद्या, लग्नाला नाही तर बारशाला. दर्यात पडलं नाही, सुतळीत आहे. जे एका निरक्षर तांडेलानं पडवीत वाशाला टांगलं होतं, ते दिल्लीत तीन न्यायाधीशांनी कागदावर उतरवलं होतं. आणि त्याची जी उणीव होती तीही भरून काढली होती. आता नोंद कुणाच्या मर्जीवर नव्हती. पैसे भरल्याचा दाखला असला की मोळीविक्यालाही येणं होतं.

चौदापैकी तिघी पुढच्या हिवाळ्यात काशीला गेल्या. एकीनं आपलं शेल नातवाच्या नावे केलं. तो बोटीवर खलाशी म्हणून जॉईन व्हायला चेन्नईला चालला होता. आजी काशीला जाणार होती त्या पैशानं नातू दर्यावर गेला. "मना काशी हितंच," असं द्रोणागिरीकडं बोट करून ती म्हणाली. बाकीच्यांचे पैसे रोख मागितले. ते यायला उशीर झाला, पण आले. मी ते पुन्हा मोजून ज्याच्या त्याच्या हातात दिले. यावेळी नोटा कोरड्या होत्या.

निकाल लागला म्हणून सगळं आलबेल झालं असं नाही. कंपनीच बुडाली तर शेल कुणाकडं वटवायचं? किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ च्या रात्री, गो फर्स्ट २०२३ च्या मेमध्ये. अशा वेळी तिकीट काढलेला प्रवासी दिवाळखोरीच्या रांगेत बँकांच्या फार मागं उभा राहतो. १९९० च्या त्या कूपनासारखं, कागद शाबूत आणि गाव नाहीसं.

उरण-पनवेलच्या माणसाला उद्याच्या तारखेचं येणं नवीन नाही. १९७० साली सिडको आली आणि आमच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. ते काय होतं? घेतलेल्या जमिनीचं क्रेडिटच. आज जमीन गेली, भूखंड पुढं कधीतरी. किती घरांनी वाट बघून बघून तो हक्क कागदावरच, भूखंड डोळ्यांनी न बघता, मिळेल त्या भावानं विकला, हे इथं प्रत्येक गावात सांगतात. ज्याला थांबणं परवडतं त्याचं क्रेडिट वाढतं, ज्याला परवडत नाही त्याचं स्वस्तात जातं. विमानाच्या व्हाउचरचंही तेच. टाळेबंदीत ज्यांच्या चुलीला अडचण नव्हती त्यांना पाऊण टक्का गोड लागला. माझ्या चौदा बायकांना एप्रिलमध्येच पैसे हवे होते.

आता त्याच जमिनींवर नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी प्रवासी विमानं उडू लागली. मी बत्तीस वर्षं तिकिटं विकली, प्रत्येक गिऱ्हाईकाला सांताक्रूझला पोचायला तीन तास आधी निघा म्हणून बजावलं, आणि विमानतळ दारात आला तेव्हा माझा गाळा बंद झाला होता.

मागच्या महिन्यात रेवसला एका सोयऱ्याच्या वर्षश्राद्धाला गेलो. तरीनंच. इंजिनाची होडी, अंगात नारिंगी जॅकेट घातलेला तिशीतला पोरगा तिकिटं फाडत होता. मी पन्नासची नोट दिली. त्यानं खिसे चाचपले.

"काका, सुट्टं नाय. येताना बघू."

मी म्हटलं, लक्षात राहील का? तो हसला. त्यानं तिकिटाच्या मागं काही लिहिलं नाही, गाठही मारली नाही. संध्याकाळी परतलो तेव्हा तर भरलेली होती आणि तिकिटाला दुसराच कुणी होता. त्याला मी काही बोललो नाही, पुन्हा पूर्ण पैसे काढून धरले. त्यानं ते घेतले नाहीत.

"तुमचं हाय," तो म्हणाला. "तो सांगून गेलाय. पांढरं धोतर, काली छत्री."